परदेशी निघालात? तिकिटाआधी लसींच्या तारखा लावा: कोल्हापूरकरांसाठी मार्गदर्शक

पासपोर्ट आला, व्हिसा लागला, तिकीट काढून झालं, आणि निघायला आठवडा उरलेला असताना फोन येतो, ‘यलो फीवरचं इंजेक्शन लागतं म्हणे. आमच्या डॉक्टरांकडं मिळंल का?’ मिळत नाही. आणि मिळालं असतं तरी उपयोग नव्हता, कारण ते प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. मग तिकिटाची तारीख बदला, कंपनीला कळवा, दंड भरा.

तिकीट आणि व्हिसाच्या कामामुळे असे फोन मला नेहमी येतात. लसीला कुणाचाच विरोध नसतो. तारखांचा हिशेब मात्र कुणी करत नाही. म्हणून या लेखात औषधशास्त्र कमी आणि तारखा जास्त आहेत. तुमच्या तब्येतीला कुठली लस चालेल हे डॉक्टरच सांगतील. त्यांच्यासमोर काय घेऊन जायचं आणि कधी जायचं, एवढं इथे बघू.

पायरी १: जाण्यायेण्याचा पूर्ण मार्ग कागदावर लिहा

लोक फक्त मुक्कामाचा देश सांगतात. ‘दक्षिण आफ्रिका’ म्हटलं की झालं. पण दक्षिण आफ्रिका स्वतः यलो फीवरच्या पट्ट्यात नाही, केनिया आहे. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून मुंबईहून नैरोबीमार्गे जोहान्सबर्गला निघालात आणि नैरोबीत १२ तासांपेक्षा जास्त थांबलात, किंवा विमानतळाबाहेर पडून एखादी चक्कर मारलीत, तर जोहान्सबर्गला उतरल्यावर यलो फीवरचं कार्ड मागतील. थेट किंवा दुबईमार्गे गेलात तर हा प्रश्नच येत नाही.

त्यामुळे कागदावर चार गोष्टी हव्यात: कुठून कुठे, मध्ये कुठे थांबा आणि किती तासांचा, तिथे शहरात राहणार की खेड्यात, आणि किती दिवस. कॉन्फरन्ससाठी हॉटेलात चार रात्री काढणं आणि शेतात प्लांट उभारायला सहा महिने जाणं, यांच्या लसी वेगळ्या असतात. परतीचा मार्गही लिहा, कारण भारतात परत शिरताना आपलं सरकारही विचारतं. ते पुढे येईल.

त्या देशाचा आजचा नियम त्यांच्या दूतावासाच्या किंवा आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर पाहा. जागतिक आरोग्य संघटनाही देशवार यादी देते. व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘लसींची लिस्ट’ बहुतेक वेळा जुनी असते. कोविडच्या प्रमाणपत्राची अट बऱ्याच देशांनी कधीच काढून टाकली, पण ती लिस्ट अजून फिरतेच आहे.

पायरी २: लहानपणचं कार्ड शोधा

हे काम घरातल्या आईवर सोपवा, लवकर होतं. कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी, ज्यात जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स असतात, तिच्यातच लसीकरणाचं पिवळट पडलेलं कार्ड सापडण्याची शक्यता जास्त. नाही सापडलं तर ज्या बालरोगतज्ज्ञांकडे नेत होते त्यांच्याकडे विचारा. काहीजण जुन्या नोंदी जपून ठेवतात. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात टोचलं असेल तर तिथल्या नर्सबाईंकडे चौकशी करायला हरकत नाही, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर मिळेलच असं धरून चालू नका.

मोठ्यांनी कुत्रा चावल्यावर घेतलेल्या इंजेक्शनांचा कागदही शोधावा. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, घेतली असतील तर तो केसपेपर फेकू नका. आधी रेबीजची लस पूर्ण झालेल्या माणसाला परदेशात पुन्हा चावा बसला तर सहसा दोनच डोस पुरतात आणि महागडं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) इंजेक्शन, लागत नाही. तो कागद नसेल तर सगळं पहिल्यापासून.

कार्ड सापडलं की मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळतं का तेही पाहा. घरी ‘बंड्या’ म्हणत असतील आणि नर्सबाईंनीही तेच लिहून टाकलं असेल, असे नमुने मी पाहिलेत.

पायरी ३: यलो फीवर, जिथे विमानतळावर अडवतात

आपल्या भागातून आफ्रिकेत जाणारे कमी नाहीत. साखर कारखान्यात पॅनवर किंवा मिलहाऊसला काम केलेली माणसं केनिया, युगांडा, इथिओपियातल्या कारखान्यांत नोकरीला जातात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्री आणि मशीनशॉपवाले यंत्रं बसवायला जातात. त्यांच्यासाठी ही पायरी सगळ्यात महत्त्वाची.

यलो फीवर, म्हणजे पीतज्वर, आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत आहे. केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, काँगो, अंगोला, तिकडे ब्राझील, पेरू, कोलंबिया. हा रोग भारतात आजवर आलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे. डेंग्यू पसरवतो तोच, फुलदाणीत, जुन्या टायरात आणि न झाकलेल्या बॅरलमध्ये वाढणारा. डास तयार आहे, फक्त विषाणू यायचा बाकी आहे, म्हणून भारत सरकार याबाबत फार कडक आहे. अशा देशातून कार्डाशिवाय परत आलात, तर तो देश सोडल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत तुम्हाला विलगीकरणात ठेवता येतं. रोगाची लक्षणं साधारण तीन ते सहा दिवसांत दिसतात, त्यावरून हा सहाचा आकडा आलाय. म्हणजे कंपनी म्हणाली ‘तिकडं कुणी कार्ड विचारत नाही’, तरी परतीच्या वाटेवर मुंबईत विचारतील. त्या पट्ट्यात नुसता विमानतळावर थांबा घेतला असेल आणि बाहेर पडला नसाल तर सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या समाधानावर. बोर्डिंग पास सांभाळून ठेवा.

लस कुठे मिळते? ही लस खासगी दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये मिळत नाही. केंद्र सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते आणि तिथलंच प्रमाणपत्र चालतं. केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालय आणि बंदर आरोग्य कार्यालय ही जुनी केंद्रं आहेत, गोव्यात मुरगाव बंदराचं केंद्र आहे. पुण्यातलं नावही यादीत पाहून घ्या. कोल्हापूरकराला मुंबई म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस किंवा ट्रॅव्हल्स, सकाळी केंद्रावर, आणि संध्याकाळी परत. गोवा अंतराने जवळ आहे, पण घाटातून पोहोचायला वेळ लागतो. कुठेही जा, आधी वेळ ठरवा आणि साठा आहे का ते विचारा. न विचारता गेलात तर ‘आज लस नाही’ हे ऐकायला रात्रभर जागून जाल.

ही लस काही केंद्रांवर ठराविक वारीच देतात, त्याचंही कारण आहे. बाटली एकदा पाणी घालून तयार केली की सहा तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एका बाटलीत अनेकांचे डोस असतात. म्हणून माणसं जमवून एका दिवशी टोचतात. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

नेताना मूळ पासपोर्ट, त्याची झेरॉक्स, जुन्या आजारांचे कागद आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. परतण्यापूर्वी तिथेच कार्ड वाचून घ्या: नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, लसीचा बॅच क्रमांक, तारीख, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का, आणि तुमची स्वतःची सही. ही शेवटची सही लोक विसरतात. कार्ड लॅमिनेट करू नका, पुढे कधी दुसरी नोंद करायची झाली तर अडचण होते.

१ जूनला लस घेतली तर कार्ड ११ जूनपासून लागू. एकदा लागू झालं की आयुष्यभर. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचावं लागायचं, तो नियम ११ जुलै २०१६ पासून गेला. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ते आता कायमचंच धरतात. मधल्या काळात पासपोर्ट नवीन झाला असेल तर कार्डावरचा क्रमांक जुळणार नाही. जुन्या पासपोर्टची प्रत सोबत ठेवली म्हणजे काउंटरवर बोलाचाली होत नाही.

ही जिवंत, पण कमजोर केलेल्या विषाणूची लस आहे. १९३०च्या दशकात मॅक्स थायलर यांनी ती तयार केली आणि १९५१ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आजही ती कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात. म्हणून अंड्याची गंभीर ॲलर्जी असेल तर आधी सांगा. अंडं खात नाही म्हणून लस चालणार नाही, असं मात्र नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं. नऊ महिन्यांखालच्या बाळांना सहसा देत नाहीत. गरोदर असाल, केमो चालू असेल, प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, एचआयव्ही असेल, थायमस ग्रंथीचा विकार असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय रांगेत उभं राहू नका. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर त्रासाचा धोका, क्वचितच असला तरी, तरुणांपेक्षा जास्त असतो. अशांना लस देता येत नसेल तर वैद्यकीय कारणाचं सूटपत्र मिळतं, पण ते मानायचं की नाही हे समोरच्या देशाच्या हातात.

हज आणि उमरा

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांच्या लसीकरणाची शिबिरं सरकारी यंत्रणाच लावते. तारीख कळवतात, तिकडे जायचं, कार्ड घ्यायचं. खरी धावपळ उमराला खासगी टूरमधून जाणाऱ्यांची होते, कारण तिथे तारीख ज्याची त्याने सांभाळायची असते.

सौदी अरेबियाला मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंगोकॉकलची, चार प्रकारांविरुद्धची लस लागते: ए, सी, वाय आणि डब्ल्यू. पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. साध्या पॉलिसॅकराइड लसीचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, कॉन्ज्युगेट लसीचं पाच वर्षं. कार्डावर कुठली ते लिहिलं नसेल तर तीनच वर्षं धरतात. म्हणून डॉक्टरांना ‘कॉन्ज्युगेट’ हा शब्द कार्डावर लिहायला सांगा, दोन वर्षं वाचतात. हा नियम उगाच आलेला नाही. १९८७ च्या हजमध्ये ए प्रकाराची आणि २००० मध्ये डब्ल्यू प्रकाराची मोठी साथ झाली होती, आणि यात्रेकरूंबरोबर ती त्यांच्या त्यांच्या देशांत गेली. लाखो माणसं खांद्याला खांदा लावून उभी असताना खोकल्यातून पसरणाऱ्या रोगाला आणखी काय हवं?

वयस्करांनी सोबत फ्लूची लस घ्यावी. पोलिओबाबत सौदीचे नियम प्रवासी कुठल्या देशातून येतोय यावर ठरतात आणि बदलतात. टूरवाल्यांना चालू वर्षाचं पत्रक मागा.

शिकायला जाणारी मुलं: इथे गोंधळ सर्वांत जास्त

अमेरिकेचा व्हिसा विद्यार्थ्याकडे लसी मागत नाही, विद्यापीठ मागतं. प्रवेश पक्का झाल्यावर विद्यापीठाच्या आरोग्य विभागाचा फॉर्म येतो. तो भरला नाही तर नोंदणीच थांबवून ठेवतात. तिकडे राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे मित्राने पुण्यातून भरलेला फॉर्म तुम्हाला लागू पडेलच असं नाही. स्वतःचा फॉर्म उतरवून घ्या आणि कोल्हापुरातल्या डॉक्टरांकडे तोच घेऊन जा.

सर्वांत मोठी अडचण एमएमआरची. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींविरुद्धची ही लस. फॉर्ममध्ये तिचे दोन डोस मागतात, पहिल्या वाढदिवसानंतर घेतलेले आणि एकमेकांपासून किमान २८ दिवसांच्या अंतराने. आता आपल्या मुलांच्या कार्डावर काय असतं बघा. सरकारी लसीकरणात नवव्या महिन्यात गोवरची लस दिलेली असते. ती पहिल्या वाढदिवसाआधीची, म्हणून हिशेबात धरत नाहीत. मग नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळाशाळांत टोचलं. आज कॉलेजला निघालेल्या पिढीपैकी बहुतेकांनी तो डोस घेतलाय, पण त्यात गालगुंड नव्हतं, आणि त्याचा कागदही फारसा कुणी जपलेला नाही. म्हणजे मूल पूर्ण लसवंत असूनही अमेरिकन फॉर्मवर त्याचा रकाना रिकामाच.

यावर दोन उपाय आहेत. एक, सरळ एमएमआरचे दोन डोस २८ दिवसांच्या अंतराने घ्यायचे. आधी काही डोस झालेले असले तरी जादा डोसाने नुकसान होत नाही. दुसरा, रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून ‘प्रतिकारशक्ती आहे’ असा रिपोर्ट द्यायचा. तिन्ही रोगांची तपासणी करायला जेवढे पैसे जातात त्यात बहुधा लसच होऊन जाते, आणि एखादा आकडा कमी आला तर शेवटी टोचावंच लागतं. माझं मत पहिल्या उपायाकडे झुकतं.

बाकीच्या लसी. कांजिण्यांचे दोन डोस, किंवा डॉक्टरने लेखी दिलेला कांजिण्या होऊन गेल्याचा दाखला. मेनिंगोकॉकल, आणि ती वयाच्या १६ व्या वर्षी किंवा त्यानंतर घेतलेली. वसतिगृहात राहणार असाल तर हमखास विचारतात. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्यासाठी टीडॅप. टीडी आणि टीडॅप यात फरक आहे, टीडीमध्ये डांग्या खोकला नसतो. मेडिकलवाल्याने ‘एकच आहे’ म्हणून टीडी दिली तर फॉर्म परत येतो. हेपॅटायटिस बी बऱ्याच ठिकाणी सुचवतात, काही ठिकाणी सक्तीची.

टीबीची तपासणीही मागतात. हातावरची त्वचाचाचणी बीसीजी, म्हणजे लहानपणी देतात ती टीबीची लस, घेतलेल्यांमध्ये उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि आपल्या सगळ्यांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण आहेच. विद्यापीठ मान्य करत असेल तर रक्ताची इग्रा चाचणी करा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आणखी एक मेख: एमएमआर टोचल्यावर लगेच काही दिवसांनी टीबीची चाचणी केली तर निकाल चुकीने निगेटिव्ह येऊ शकतो. दोन्ही एकाच दिवशी करा, नाहीतर मध्ये चार ते सहा आठवडे जाऊ द्या.

इंग्लंडला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जायचं असेल तर व्हिसासाठीच टीबीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रातूनच. ओळखीच्या लॅबमधला एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी चालत नाही. त्यासाठी शहराबाहेरची एक खेप धरून चाला. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय तपासणीचंही तसंच, त्यांनी नेमलेले डॉक्टर ठरलेले असतात.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होणार असतील तर एप्रिलमध्ये कामाला लागा. एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत लसी. त्या एकाच दिवशी दोन वेगळ्या दंडांवर घेता येतात, पण एक आज घेतली आणि दुसरी पुढच्या आठवड्यात, असं चालत नाही. मग मध्ये २८ दिवस हवेतच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही, मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्हींचा दुसरा डोस. टीडॅप आणि मेनिंगोकॉकल यातल्या कुठल्याही भेटीत बसतात. जूनच्या मध्यात इग्रा. हेपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिने असे असतात, त्यामुळे तिसरा डोस तिकडेच घ्यावा लागेल. घाई असेल तर ०, ७ आणि २१ दिवस असा वेगवान कार्यक्रम आहे, पण मग वर्षाने चौथा डोस लागतो.

लेकीच्या बाळंतपणाला निघालेले आई-बाबा

यांच्याकडे विमानतळावर कुणी काही मागत नाही, म्हणून हे लसीचा विचारही करत नाहीत. डिंकाचे लाडू, आळीव, बाळगुटीचं सामान, सगळं बॅगेत भरलेलं असतं. पण नवजात बाळाला डांग्या खोकला होतो तो बहुतेकदा घरातल्याच मोठ्या माणसाकडून, आणि त्या वयात तो जिवावर बेततो. तिकडच्या डॉक्टर लेकीला विचारतात, ‘आजी-आजोबांनी टीडॅप घेतलीय का?’ आणि मग मध्यरात्री इकडे फोन. बाळाला हातात घेण्याच्या किमान दोन आठवडे आधी टीडॅप घ्या. म्हणजे निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घेतली की काम झालं. कोल्हापुरातल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे ती मिळते, फक्त आधी फोन करून मागवून ठेवायला सांगा.

फ्लूची लसही घ्या, विशेषतः हिवाळ्यात जाणार असाल तर. साठ-पासष्टच्या पुढे, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असेल तर न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. तिकडे दवाखान्यात एक रात्र काढायला जो खर्च येतो, तो ऐकला की लसीच्या किमतीबद्दल बोलायची इच्छा राहत नाही. प्रवास विम्यात जुने आजार सहसा बसत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

कुणीच विचारत नाही, तरी घ्याव्यात अशा

आपल्याला वाटतं, पंचगंगेचं पाणी पिऊन वाढलो, आपल्याला काय होतंय. यात थोडं तथ्य आहे. हेपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्याने होणारी कावीळ, आपल्याकडे पूर्वी लहानपणीच नकळत होऊन जायची आणि मग जन्मभर संरक्षण राहायचं. त्यामुळे पन्नाशीच्या माणसाला ती लस बहुधा लागत नाही. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्युरिफायरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांना ती कावीळ झालेलीच नसते, आणि मोठेपणी झाली तर जोरात होते. शंका असेल तर रक्ताची तपासणी करून ठरवा.

टायफॉइडबद्दल असा हिशेब लावू नका. एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होत नाही, असं नाही. खेड्यात किंवा साइटवर लांब मुक्काम असेल तर कॉन्ज्युगेट टायफॉइडची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. धनुर्वाताची टीडी दर दहा वर्षांनी, यंत्रांवर काम करणाऱ्यांनी तर न चुकता. हेपॅटायटिस बीची लस आता सगळ्या बाळांना मिळते, पण देशभर ती २०११ च्या सुमारास पोहोचली. त्याआधी जन्मलेल्यांपैकी अनेकांना मिळालेली नाही. हॉस्पिटलमध्ये नोकरीला जाणाऱ्या नर्सेसनी ती पूर्ण करून रक्तातला प्रतिपिंडांचा आकडाही तपासून ठेवावा, तो मागतात.

बाली किंवा थायलंडच्या टूरवर जाणाऱ्यांनी माकडांपासून लांब राहावं. ज्योतिबा-पन्हाळ्याला माकडांना शेंगदाणे घालायची सवय तिकडे घेऊन जाऊ नका. लांबचा मुक्काम असेल किंवा दवाखाना दूर असेल तर रेबीजचे दोन आगाऊ डोस, आज एक आणि सातव्या दिवशी दुसरा. ते घेतलेले असले तरी चावा बसल्यावर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवून दवाखाना गाठायचाच. आग्नेय आशियात भातशेतीच्या भागात महिनाभर राहणार असाल तर जपानी मेंदूज्वराच्या लसीबद्दल विचारा. आठवड्याच्या शहरी सहलीला तिची सहसा गरज नसते.

पोलिओबद्दल थोडक्यात. भारतात शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. त्याच वर्षापासून विषाणू असलेल्या ठराविक देशांशी ये-जा करणाऱ्यांना, मोठ्या वयातही, तोंडावाटे पोलिओचा डोस आणि त्याचं प्रमाणपत्र लागतं. डोस निघण्याच्या किमान चार आठवडे आधी घ्यायचा, तो वर्षभर चालतो. देशांची यादी बदलत राहते, निघण्यापूर्वी पाहावी.

पायरी ४: लस विकत घेताना

काही डॉक्टर चिठ्ठी देतात आणि लस मेडिकलमधून आणायला सांगतात. लस २ ते ८ अंश तापमानातच राहायला हवी. मेडिकलमधून घेतली की बर्फाच्या पिशवीत ठेवून सरळ दवाखान्यात जा. स्कूटरच्या डिकीत टाकून वाटेत राजारामपुरीत दोन कामं उरकून मग डॉक्टरांकडे गेलात तर इंजेक्शन होईल, लस होईलच असं नाही. आणि ‘गार राहू दे’ म्हणून घरच्या फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. हेपॅटायटिस बी, टीडी यांसारख्या लसी गोठल्या की वाया जातात, दिसायला मात्र तशाच दिसतात. सोपा मार्ग म्हणजे डॉक्टरांकडेच फ्रिजमध्ये साठा असलेली घ्यावी.

कुप्पीवरचा स्टिकर किंवा बॅच क्रमांक कार्डावर लावून घ्या, तारीख आणि सही-शिक्का घ्या. नुसत्या प्रिस्क्रिप्शनवर ‘लस दिली’ एवढं लिहिलेलं परदेशी विद्यापीठ मानत नाही. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. दंड दुखणं, एखादा दिवस कणकण येणं नेहमीचंच.

खर्चाचं म्हणाल तर टीडी अगदी स्वस्त आहे, एमएमआर परवडते. कांजिण्या, मेनिंगोकॉकल आणि न्यूमोनियाच्या लसींना एका डोसाला हजारांत पैसे जातात. कंपनी पाठवत असेल तर बिल कंपनीच्या नावाने घ्या. नोकरीच्या करारात प्रवासखर्च धरतात तशी लसही धरायला सांगायला लाजू नका.

मलेरिया आणि परत आल्यावर

आफ्रिकेला जाणारे यलो फीवरचं कार्ड खिशात पडलं की निश्चिंत होतात. मलेरिया त्या कार्डात नाही. मलेरियाच्या ज्या लसी निघाल्यात, त्यातली एक पुण्यात बनते, त्या आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहेत, प्रवाशांसाठी नाहीत. प्रवाशाला गोळ्याच घ्याव्या लागतात. कुठल्या ते डॉक्टर ठरवतील. प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस. डॉक्सिसायक्लिनही तशीच सुरू करायची, पण परतल्यावर चार आठवडे. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, ती दोन आठवडे आधीपासून. घरी पोहोचलो, आता कशाला, म्हणून शेवटच्या आठवड्यांच्या गोळ्या सोडणारे पुष्कळ. जंतूंना घर कळत नाही, यकृतात दडलेला मलेरिया नंतरही वर येतो.

परतल्यानंतर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, ‘मी आफ्रिकेतून आलोय.’ आपल्याकडे पावसाळ्यात ताप म्हटलं की डेंग्यूकडे लक्ष जातं, आणि फाल्सिपेरम या सर्वांत घातक प्रकारच्या मलेरियाला एक-दोन दिवसांची दिरंगाईही महाग पडते. रक्ताची मलेरिया तपासणी त्याच दिवशी मागून घ्या, आणि पहिली निगेटिव्ह आली तरी ताप उतरत नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. हेपॅटायटिसचा राहिलेला डोस कार्डावर पेन्सिलीने लिहून ठेवलेला असेल, तोही त्याच फेरीत उरकून टाका.